आमच्या व्हॅनचं सरकतं दार

व्हॅन आम्ही जुनीच घेतली. आधीच्या मालकाचा मालवणात पर्यटकांना फिरवायचा धंदा होता. त्याने मोठी गाडी घेतली आणि ही विकायला काढली. माझा नवरा ती बघायला गेला तेव्हा मला घेऊन गेला नाही, माझी चाकांची खुर्ची घेऊन गेला. दार सरकवून त्याने खुर्ची गाडीच्या मधल्या सीटला चिकटवून उभी केली आणि दोन्हींची उंची पाहिली. ती जवळजवळ सारखी भरली. घरी आल्यावर त्याने इंजिनाबद्दल, टायरबद्दल काही सांगितलं नाही. म्हणाला, "गाडी बरी आसा. तुका कोणी उचलूक नको."

काही वर्षांपूर्वी घराच्या माळ्यावरून उतरताना शिडी सरकली आणि मी पाठीवर पडले. कमरेखालचं अंग तेव्हापासून ऐकत नाही. मी कसालच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवते. अपघातानंतर वर्षभर घरी होते, मग पुन्हा रुजू झाले. शाळेने वर्ग तळमजल्यावर दिला, पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार करून दिला. प्रश्न राहिला तो घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा. सुरुवातीला रिक्षा लावली. रिक्षात चढताना आणि उतरताना नवरा मला उचलायचा, आणि तो नसला की रिक्षावाला. रिक्षावाला भला माणूस होता, नजर दुसरीकडे ठेवून उचलायचा. तरी शाळेत पोचल्यावर पहिला तास माझं लक्ष लागायचं नाही.

व्हॅन आली आणि ते संपलं. खुर्ची दाराला लावायची, चाकांचे ब्रेक लावायचे, दोन्ही हातांवर जोर देऊन सीटवर सरकायचं, मग पाय एकेक करून आत घ्यायचे. नवरा खुर्ची मिटून डिकीत ठेवायचा आणि दार सरकवून बंद करायचा. साध्या मोटारीचं दार पंख्यासारखं उघडतं, ते मध्ये येतं. हे मागे सरकायचं आणि सगळी जागा मोकळी व्हायची.

उजव्या बाजूलाही तसंच दार होतं, पण आधीच्या मालकाने आतून लोखंडी पट्टी मारून ते कायमचं बंद केलं होतं. पर्यटकांची पोरं रस्त्याच्या बाजूने उड्या मारतात म्हणून, असं त्याने सांगितलं. आम्हाला ते पटलं. एक दार पुरे होतं.

नवऱ्याची काजू कलमांची नर्सरी आहे. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे घरात एकमेकांना 'तू'च म्हणतो. सासूबाईंना आधी ते खटकायचं, नंतर त्यांनी नाद सोडला. तर मला शाळेत सोडून झालं की हीच व्हॅन कलमं पोचवायला जायची. मातीने भरलेल्या काळ्या पिशव्या, पाणी मारून ओल्या केलेल्या, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरून तो त्याच दारातून आत सरकवायचा. संध्याकाळी मला घ्यायला येताना गाडी झाडून आणायचा. झाडली तरी माझ्या पायांखाली तांबडी माती असायचीच. मी कधी तक्रार केली नाही. माझ्या पगारावर घर चालतं तेवढंच कलमांवर चालतं.

दाराने कुरकुर सुरू केली ती पहिल्या पावसाळ्यानंतर. सरकताना मध्येच अडायचं. मग जरा उचलून ढकलावं लागायचं. आमच्या तिठ्यावरच्या मेकॅनिकने दार ज्यात सरकतं त्या खालच्या पट्टीत बोटभर ग्रीस भरलं. महिनाभर दार लोण्यासारखं सरकलं, मग पुन्हा अडायला लागलं. त्याने पुन्हा ग्रीस भरलं. असं कितीदा झालं असेल. ग्रीसला माती चिकटत होती आणि तिचा गोळा होत होता, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. दार बंद करताना नवरा जोर लावायला लागला, मग दणका द्यायला लागला. खिडकीच्या काचा थरथरायच्या.

एका सोमवारी सकाळी त्याने असाच दणका दिला. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला, पण दार बंद झालं होतं आणि आम्हाला उशीर झाला होता. निघालो. शाळेच्या फाटकात गाडी थांबली, तो उतरून माझ्या बाजूला आला, दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. पुन्हा ओढली. मग पाय टेकवून ओढली.

"आतसून ढकल बघया," तो खिडकीतून म्हणाला.

मी आतला खटका दाबून खांद्याने ढकललं. दार मागच्या बाजूने खाली बसलं होतं. लॉक त्याच्या खोबणीत तिरकं अडकलं असणार.

प्रार्थनेची घंटा झाली होती. मुलं रांगा सोडून बघायला लागली. मुख्याध्यापिका बाई आल्या, पीटीचे सर आले, शिपाईमामा आले. प्रत्येकाने एकेकदा मूठ ओढून पाहिली. उजवीकडचं दार उघडावं तर त्याच्या पट्टीचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. मग पीटीच्या सरांनी मार्ग काढला. पुढच्या दोन सीटांमधून मला वर घ्यायचं, ड्रायव्हरच्या दारातून बाहेर काढायचं. ते आणि शिपाईमामा मिळून सहज उचलतील.

"बाई, दोन मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले. "संकोच करू नका."

त्यांच्या मनात मदतीशिवाय काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्यासमोर दहावीची मुलं उभी होती. व्हॅन आल्यापासून या शाळेत मला कोणी उचललं नव्हतं. हॉस्पिटलात कितीजणांनी उचललं, त्याची लाज आता वाटत नाही. तिथे मी पेशंट होते. इथे पुढच्या सीटवरून, पदर सावरत, दोन सहकाऱ्यांच्या हातांवर बाहेर निघायचं माझ्याच्याने होणार नव्हतं.

"आज माझी रजा लावा," मी मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं. नवऱ्याला म्हटलं, "गाडी कुडाळाक घे."

"अगो, पण उतरतलंस कशी?"

"तां गॅरेजवालो बघात."

कुडाळपर्यंत मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींमध्ये गाडीच्या कुठल्याशा पत्र्याचा खडखडाट चालू होता. त्याने आरशातून माझ्याकडे दोनदा पाहिलं. मी बाहेर बघत राहिले.

औद्योगिक वसाहतीच्या बाजूला एक गॅरेज आहे, तिथे व्हॅन, टेम्पो यांच्या बॉडीची कामं होतात. गॅरेजवाला पोट सुटलेला, दणकट आवाजाचा माणूस. त्याने दाराभोवती फेरी मारली, वाकून खालून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाला, "खालचो रोलर तुटलो. दार बसलाहा. ह्येंका आधी भायर काढा, मगे बघतंय."

"ती भायर येवची नाय," नवरा म्हणाला.

"कित्याक?"

मी खिडकीची काच सरकवली. "माका इचारा. माका चलूक येणा नाय. ह्या दारातना मी उतरतंय. ह्या दार उघडला तर मी भायर येतलंय."

तो जरा गोंधळला. खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. "बरां," म्हणाला. "मगे माका आत येवक होया."

तो ड्रायव्हरच्या दारातून शिरला आणि दोन सीटांमधल्या फटीतून मागे यायला लागला. या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे तिथली जागा उंच आणि अरुंद असते. त्याचं डोकं आणि एक हात माझ्याकडे आला, पोट आलं नाही. तो तसाच अडकून राहिला. नवऱ्याने मागून त्याचा पट्टा धरून ओढला तेव्हा सुटला. मला हसू आवरेना. तोही हसला.

"आता दोगांय अडाकलों असतों," म्हणाला. मग खिडकीशी येऊन गंभीर झाला. "बाईनू, तुमीच कराल काय? मी सांगतंय तसा."

त्याने खिडकीतून एक चपटा स्क्रू ड्रायव्हर आत दिला. दाराच्या आतल्या बाजूला पुठ्ठ्याचं आवरण असतं, ते प्लास्टिकच्या गुंड्यांनी बसवलेलं. एकेक गुंडी खालून उचकटायची. पहिल्या दोन तुटल्या.

"तुटांदेत," तो बाहेरून म्हणाला. "त्यो मी नवीन घालतंय. जोर लावा."

माझ्या हातांना जोर आहे. गेली काही वर्षं माझं सगळं अंग हातांवरच फिरतं. आवरण सुटलं, मागचा प्लास्टिकचा कागद फाडला. आत अंधारं पोकळ. त्याने मोबाईलची बॅटरी लावून खिडकीतून धरली.

"दोन सळये दिसतत?"

"दिसतत. एक वर जाता, एक मागे."

"मागे जाता ती लॉकाची. तिच्या टोकाक एक कान असतलो. तो तुमी म्होरे ओढून धरा. आमी भायरसून दार उचलतों. मी 'व्हय' म्हटलंय की ओढा, सोडा नको."

मी कोपरापर्यंत हात आत घातला. पत्र्याची कड मनगटाला लागत होती. सळी सापडली, पण तिचं टोक दिसत नव्हतं, बोटांनीच चाचपावं लागत होतं. बाहेर नवरा आणि गॅरेजवाला दाराला खालून हात घालून उभे राहिले.

"व्हय!"

मी ओढलं. दार वर गेलं आणि धाडकन तिथेच बसलं. मी ओढली ती वरच्या बाजूची सळी होती.

"चुकला, दुसरी," मी ओरडले.

"मागची, मागची! गंजाचो खवलो लागता काय बोटाक?"

"लागता."

"तीच ती."

दुसऱ्या खेपेला कान बोटात आला. घट्ट होता. मी डावा हात सीटच्या कडेला रोवून सगळा भार पुढे टाकला. काहीतरी 'खट्ट' झालं आणि दार बाहेरच्या दोघांच्या अंगावर गेलं. गॅरेजवाल्याने पाय मागे घेतला म्हणून वाचला. दार निखळून जमिनीवर पडलं आणि खालच्या पट्टीतून तांबडी माती, ग्रीस, काजूची सुकी पानं आणि खताचे पांढरे दाणे यांचा ढीग सांडला.

माझ्या बोटाचं साल गेलं होतं, मनगट खरचटलं होतं. वारा आत आला. मला एकदम भूक लागल्याचं आठवतं.

गॅरेजवाल्याने तो ढीग पायाने पसरवून पाहिला. "ही गाडी हा काय शेत?" त्याने नवऱ्याला विचारलं.

नवऱ्याने खाली बसून चिमटीत ती माती घेतली, बघितली आणि टाकून दिली. मग डिकीतून माझी खुर्ची काढून दाराला लावली.

मी उतरले आणि स्वतःच गाडीभोवती फिरून सगळं पाहिलं. दाराखालची पायरी आतून कुजली होती. वरून रंग शाबूत होता, पण गॅरेजवाल्याने स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो पापडात जावा तसा आत गेला. कलमांचं पाणी झिरपून तिथे साचत होतं, त्यात खत, वर खारा वारा. त्याने कामं सांगितली. पायरीचा पत्रा कापून नवीन वेल्ड करायचा, खालची पट्टी बदलायची, रोलर नवे. दारही खालून गेलं होतं, ते कोल्हापूरला जुन्या सामानाच्या बाजारात मिळेल.

"आणि ह्या उजव्या बाजूचा दार," मी म्हटलं, "ताही उघडा."

"त्या बाजूक रस्तो येता, बाईनू. तां कित्याक होया?"

"आग लागली तर?"

पट्टीचे बोल्ट त्याने ग्राइंडरने उडवले.

गाडी तिथे ठेवून आम्ही रिक्षाने घरी आलो. पुढचे काही दिवस आमच्या शाळेच्या गणिताच्या बाई मला त्यांच्या मोटारीतून नेत होत्या. मोटार बुटकी. आत जाताना मी खुर्ची आणि सीटमध्ये टाकलेल्या फळीवरून घसरत जायची, पण बाहेर निघताना चढ लागायचा. त्या माझे हात धरून ओढायच्या आणि मी सीटला ढकलायची. दोघींना दम लागायचा. गणिताच्या बाई वर्गात गेल्यावरही धापा टाकताना ऐकू यायच्या. अशी मदत घेण्याचं मला वाईट वाटलं नाही, याचं मलाच नवल वाटलं.

घरी मात्र वातावरण बरं नव्हतं. एका संध्याकाळी पडवीत कलमांच्या पिशव्या भरता भरता नवऱ्याने सांगून टाकलं, "ह्यापुढे ह्या गाडीतना कलमां न्हेवची नाय."

"मगे कशातना न्हेशीत?"

"टेम्पो सांगतंय."

"चार कलमांक टेम्पो? लोक तुझ्याकडसून घेतत ती तू घरपोच देतस म्हणान."

तो हातातली पिशवी दाबत राहिला. "तू थंय अडाकलंस," तो म्हणाला. "सगळ्या शाळेम्होरे. माझ्या मातयेन."

त्या दिवशी गाडीत तो काय विचार करत होता ते मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं तो माझ्या हट्टावर चिडलाय. मी त्याला म्हटलं की माती तुझी असली तरी ग्रीस तिठ्यावरच्याचं होतं आणि दणका दोघांच्या घाईचा. आणि कलमं बंद करण्यापेक्षा माती पट्टीत जाणार नाही असं काहीतरी कर. त्याने लगेच हो म्हटलं नाही. पण दोन दिवसांनी तो डिकीची मापं घेऊन पत्र्याच्या कारागिराकडे गेला आणि उंच काठांचा एक मोठा ट्रे करून आणला. कलमं फक्त मागून चढवायची, ट्रेमध्येच ठेवायची, आणि बाजूच्या दारातून काही नाही, असं ठरलं. बरंचसं पाळलंही जातं. गणपतीच्या आधीच्या गर्दीत एकदा माझ्या पायांशी काजू कलमाची एक पिशवी निघाली. मी तिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "एकच हा," तो म्हणाला.

कोल्हापूरहून आलेलं दार निळं निघालं. आमची गाडी पांढरी. गॅरेजवाला रंग मारून देत होता, पण त्याला आणखी दिवस लागणार होते आणि गणिताच्या बाईंची पाठ दुखायला लागली होती. मी म्हटलं राहू दे. दारावर आधीच्या कुठल्याशा मालकाने 'आईची कृपा' असं लिहून घेतलं होतं, तेही राहिलं. पहिल्या दिवशी शाळेत गेले तेव्हा दहावीचा वर्ग खिडकीत जमला होता. दार एका बोटाने मागे सरकलं. आता दर महिन्याला आम्ही रुंद ब्रशने पट्टी झाडतो, कोरडी ठेवतो, रोलरला थेंबभर तेल घालतो. ग्रीस नाही.

गाडी त्यानंतर बिघडली नाही असं नाही. एकदा उंदरांनी मागच्या दिव्याच्या वायरी खाल्ल्या. एकदा क्लचची केबल भर बाजारात तुटली. पण मी आता असल्या वेळी मागे बसून राहत नाही. काय आवाज आला, कुठून आला, ते ऐकते आणि गॅरेजवाल्याला मीच फोन करते. तो नवऱ्याला विचारतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात खारेपाटणला एका ओळखीच्यांकडे कलमं पोचवून परत येत होतो. रविवार होता म्हणून मीही गेले होते. चढावर पुढच्या सीटखालून वाफ यायला लागली, काटा लाल रेषेवर. नवऱ्याने गाडी कडेला घेतली, सीट वर उचलली आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणाला हात घालणार तोच मी ओरडले, "हात लावू नको! निवांदे."

फोन लावला. "बाईनू, पंखो फिरता काय?" गॅरेजवाल्याने विचारलं. मी कान दिला. इंजिन बंद, चावी चालू, तरी पंख्याचा आवाज नाही. "फ्यूज उडालो असतलो," तो म्हणाला. "हॉर्नाचो काढा नि थंय लावा, तितकोच असता. आणि सावकाश येवा."

नवरा वरच्या घरी पाणी मागायला गेला. त्या घरची म्हातारी कळशी घेऊन स्वतःच खाली आली. मला बघून तिने विचारलं, "तू कित्याक उतरूक नाय गो?" मी पायांचं सांगितलं. ती "आसां काय" म्हणाली आणि सरळ आत येऊन माझ्या शेजारी बसली. इंजिन निवेपर्यंत तिने तिच्या गुडघ्यांची सगळी हकिकत सांगितली, कुठल्या डॉक्टरने काय म्हटलं, सून काय म्हणते. मीही तिला काही काही सांगितलं. जाताना तिने आंब्याची साठं, वाळवलेल्या रसाच्या पोळ्या, बांधून दिली.

पाणी भरलं, फ्यूज बदलला, पंखा घरघरला. निघालो. हॉर्न मात्र गेला होता. कसालच्या अलीकडे गुरं रस्त्यावर आली तेव्हा नवऱ्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून "हैऽ हैऽ" अशा हाका मारल्या. गुरं हलली नाहीत. मग मी मागून माझ्या वर्गातल्या आवाजात एकदा ओरडले, तेव्हा हलली.